देव्हाऱ्यातली स्वच्छ वर्तुळं

घराला आग लागली त्या संध्याकाळी सासूबाई देवापाशी दिवा लावून कोपऱ्यावरच्या डेअरीत दूध आणायला गेल्या होत्या. परत येईपर्यंत दारात बंब उभा होता. ख्राइस्टचर्चमधल्या बहुतेक घरांसारखं आमचंही घर लाकडी सांगाड्याचं. देव्हारा होता ती जेवणाची खोली आणि तिच्या मागचं गराज गेलं. नशीब, आत कुणीच नव्हतं. मी आणि नवरा कामावरून धावतपळत पोचलो, तर त्या समोरच्या फूटपाथवर दुधाची बाटली छातीशी धरून उभ्या. म्हणाल्या, "मीच जाळलं गं तुमचं घर."

तसं दुसरं कुणी म्हणालं नव्हतं. पण मनात सगळ्यांच्याच होतं, माझ्याही. घरात उघडी ज्योत काय ती तेवढीच.

मोटेलमध्ये त्या जेमतेम चार घास खायच्या आणि मुलाला म्हणायच्या, "मला पुण्याला पाठवून दे." आम्ही समजूत घालायला गेलो की म्हणत, "तुम्ही काय, माझं मन राखायला काहीही बोलाल." खरंच बोललो असतो.

त्यात नवऱ्याने वेगळाच घोळ घालून ठेवला होता. आग विझल्यावर बंबवाल्यांनी विचारलं, अगदी गरजेचं असं आतून काय काढून देऊ? शहाणा माणूस पासपोर्ट म्हणाला असता. याने देव मागितले. शंख, घंटा, निरांजन, सगळा संसार टॉवेलात बांधून बाहेर आला. सासूबाईंनी मोटेलच्या सिंकमध्ये लिंबू लावून एकेक देव असा घासला, की लखलखायला लागले. काळवंडलेले देव तसेच ठेवायचे तरी कसे?

आगीचा तपास करायला आल्या त्या उंच, पिकल्या केसांच्या बाई होत्या. "किया ओरा" असा माओरी नमस्कार करत आत शिरल्या, देव्हाऱ्यावर टॉर्च मारला आणि पहिलाच प्रश्न, इथल्या वस्तू कुठे आहेत? नवऱ्याने सांगितलं. घासल्या, हेही सांगितलं. बाईंनी क्षणभर डोळे मिटले. वस्तूच्या कुठल्या बाजूला किती काजळी बसली, यावरून आग कुठून आली ते त्या वाचतात, आणि आम्ही ती लिंबाने धुऊन बसलो होतो. मी नवऱ्याकडे पाहिलं. त्याने माझ्याकडे पाहायचं टाळलं.

बाई मात्र वाकून देव्हाऱ्याची फळी न्याहाळत राहिल्या. काळ्याकुट्ट फळीवर लहानमोठी स्वच्छ वर्तुळं होती. मग त्या म्हणाल्या, "सगळं घेऊन या. ज्या रोज मांडतात त्यांनाच मांडू द्या."

दुसऱ्या दिवशी अंबाड्यावर हेल्मेट आणि पायात मोठाले गमबूट घालून सासूबाई आत आल्या. हात एकदाही चुकला नाही. गणपती, अन्नपूर्णा, बाळकृष्ण, जो तो आपापल्या वर्तुळात. निरांजन त्यांनी सगळ्यात शेवटी ठेवलं. त्याच्याही खाली लाकूड स्वच्छ होतं, मूळच्या सागवानी रंगाचं.

बाई म्हणाल्या, म्हणजे धूर भरला तेव्हा दिवा जागच्या जागी उभा होता. तो लवंडून आग लागली असती तर सगळ्यात खोल इथेच जळालं असतं. हा देव्हारा तर पाठीकडून आणि वरून जळालाय. चला, भिंतीमागे बघू.

भिंतीमागे गराज. तिथे जमिनीजवळ अरुंद आणि वर रुंद होत गेलेला काळा डाग होता. लाकडाचे खांबही त्याच बाजूने जास्त जळालेले. डागाच्या तळाशी ओल शोषणाऱ्या यंत्राचा सांगाडा होता आणि त्याच्या वायरीतल्या तांब्याचे वितळून मणी झाले होते. यंत्रात काय बिघडलं ते पुढच्या तपासात कळेल, पण सुरुवात इथून, असं बाईंनी स्पष्ट सांगितलं.

ते यंत्र नवऱ्याने कुणाचंतरी जुनं, "काय सॉलिड डील मिळालं!" म्हणत आणलेलं.

"म्हणजे माझ्यामुळे?" त्याने विचारलं, आणि त्याचा चेहरा असा उजळला, की लग्नाच्या फोटोतही तो एवढा खुश दिसत नाही. "आई, दिवा नव्हता! मी आणलेलं मशीन होतं, मी!"

सासूबाईंनी त्याच्याकडे लक्षच दिलं नाही. त्या सरळ बाईंसमोर जाऊन उभ्या राहिल्या, छातीवर हात ठेवला आणि इंग्रजीत विचारलं, "आय?"

बाईंनी हातमोजा काढला, त्यांचा हात हातात घेतला. "नो. नॉट यू."

सासूबाई मुलाकडे वळल्या. "भंगारातली यंत्रं घरात आणायला कुणी सांगितलं होतं रे तुला? लाख वेळा म्हटलं, त्याला कसला वास येतोय म्हणून! ऐकशील तर शपथ!" इतक्या दिवसांनी तो खणखणीत आवाज ऐकला. मी राखेतच खाली बसले. नवरा मान खाली घालून हसत होता.

बाईंनी हळूच मला विचारलं, "इज शी ऑलराइट?"

"आत्ता झाल्या," मी म्हटलं.