साडूचा डबा आणि माझा कॉम्प्युटर

निफाड तालुक्यात द्राक्षाचे जाणकार शेकड्यानं सापडतील, पण द्राक्षाच्या मांडवाखाली खाट टाकून व्हिडिओ गेमचं पुढं काय होणार हे ठणकावून सांगणारा माणूस अख्ख्या जिल्ह्यात एकच निपजला, आणि देवानं तो नेमका मला साडू म्हणून दिला. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचा, म्हणजे आमच्या आक्काचा, हा नवरा. तीन एकर बाग, डोक्यावर पांढरी टोपी, गळ्यात तुळशीची माळ, आणि सदऱ्याच्या खिशात व्हिडिओ गेमची कॅसेट. लोक पाहुण्यापुढं पानाचा डबा सरकवतात, हे कॅसेट सरकवायचे.

नव्वदीच्या मध्यावर कधीतरी त्यांनी नाशकातून टीव्हीला जोडायचा तो गेमचा डबा आणला. पोरासाठी आणला असं आक्काला सांगितलं, पण पोराच्या हातात तो दुसऱ्या वर्षी पडला. कॅसेटवर नऊ लाखांच्या वर खेळ असल्याचं छापलं होतं. दुसऱ्या कुणी ते वाचून सोडून दिलं असतं. हे मोजायला बसले. भिंतीवर कोळशानं रेघा ओढत तीन दिवस मोजलं, आणि वीस-पंचवीस खेळांनंतर पुन्हा तेच खेळ येतात हे सापडलं. मी म्हटलं, "साडूभाऊ, फसवलं की तुम्हाला." तर म्हणाले, "फसवलं नाय पाहुणे. तोच खेळ पुन्हा देतात, माणूस सुधारला का नाय ते बघाया." असा माणूस. त्याला कोण फसवणार?

खेळायला बसताना चपला बाहेर, पाय धुतलेले, मांडी घातलेली. पडद्यावरची गाडी डावीकडं वळली की हेही डावीकडं कलंडायचे, आणि शेजारी मी असलो तर मलाही कलंडवायचे. डब्याबरोबर एक प्लास्टिकची बंदूकही आली होती, बदकं मारायची. माळकरी माणूस, बदक कसं मारणार? हे मुद्दाम आभाळात नेम धरायचे. बदकं सुखरूप उडून जायची आणि खेळातलं कुत्रं गवतातून डोकं काढून यांना हसायचं. त्या कुत्र्याशी त्यांचं जे भांडण जुंपलं ते सख्ख्या भावाशी जुंपलं नसेल. "हसतंय कशाला? पाखरू हाकलायचं असतंय, मारायचं नसतंय! आमच्या बागेत ये, गोफण दाखवतो तुला!" आतून आक्का ओरडायची, "अहो, ते टीव्हीतलं हाय!" तेवढ्यापुरता आवाज उतरायचा, राग नाही.

आता माझं सांगतो. मी नाशकाला लागून असलेल्या मखमलाबादचा, फुलं आणि भाजी पिकवणारा. दोन हजार सालाच्या आसपास माझ्या मुलीनं, ताईनं, कॉम्प्युटरचा कोर्स धरला, तेव्हा मी नाशकात शालिमारच्या बाजूला एका दुकानात सुटे भाग जोडून कॉम्प्युटर बनवून घेतला. आमच्या शिवारात तो पहिला. त्यातही गेम होते, आणि साडूच्या डब्यातल्या ठिपक्याठिपक्यांच्या बाहुल्यांपुढं माझ्या गेममधल्या गाडीच्या काचेत झाडांची सावली दिसायची! मी मुद्दाम निरोप धाडला. साडू आले, कॉम्प्युटरभोवती बैल बघितल्यासारखे फिरले, आणि विचारलं, "रॅम किती?" मला रॅम ठाऊक नव्हती. यांना होती. दर बाजाराला त्यांच्या पिंपळगावहून नाशकात येऊन दुकानदारांना छळून छळून माहिती गोळा केली होती.

मग मांडीवर थाप मारून म्हणाले, "पाहुणे, तुम्ही द्राक्षबाग लावली. वर्षाला दोन छाटण्या लागणार हिला. औंदा कार्ड बदला, पुढच्या सालाला रॅम वाढवा. व्हायरस म्हणजे हिचा भुरी रोग, पसरला की पसरला. आमचा डबा म्हणजे बोर. बांधावर उभी, कोण पाणी घालतंय? पण फळ धरतेच."

"बोरीला काटेही असतात," मी म्हटलं.

"आणि द्राक्षाला कर्ज," ते म्हणाले.

तिथं पैज लागली. डबा टिकतो का कॉम्प्युटर, हे काळ ठरवील. जो हरेल त्यानं दोघी बहिणींना समोर बसवायचं आणि तोंडानं म्हणायचं, याचं खरं, मी हरलो. हसण्यावारी नेऊ नका. मी बायकोपुढं आजवर हरलो म्हटलेलं नाही, आणि साडूंनी तर आक्काला साधं 'चुकलं' म्हटलेलं कुणी ऐकलेलं नाही. दोघांच्याही घरातली पत डावावर होती.

पुढच्याच उन्हाळ्यात माझा कॉम्प्युटर तापून मधेच बंद पडायला लागला. मी ही गोष्ट निफाडपासून लपवली होती, पण दोन बहिणींच्या मधे फोन असल्यावर काय लपतंय? साडू तिसऱ्या दिवशी हजर. झाकण काढलं, आत बोटभर धूळ. "छाटणी!" ते आनंदानं ओरडले. बरोबर बागेतलं धुरळणीचं यंत्र आणलं होतं, ते दांडा फिरवून वारा मारायचं. नळी आत घातली, मला म्हणाले "जरा मागं व्हा," आणि दांडा गरागरा फिरवला.

त्या यंत्रात भुरीवरचं गंधक शिल्लक होतं.

खोलीत पिवळा ढग उठला. कॉम्प्युटर पिवळा, देव्हारा पिवळा, लोणच्याची बरणी पिवळी, आणि मी भंडारा उधळल्यासारखा. बायको दारात आली, आमच्याकडं बघितलं आणि सरळ आक्काला फोन लावायला गेली. मी म्हटलं, "साडूभाऊ, भुरी गेली का?" ते टोपी झटकत म्हणाले, "भुरी गेली. झाड राहिलं का बघावं लागंल."

मी तोंडाला येईल ते बोललो. ताईच्या परीक्षेचं काम त्याच्यात होतं. पण साडू निघून गेले नाहीत. माझ्या ओट्यावर पंचा पसरला, एकेक भाग काढून मांडला, आणि विरळणीची बाई घडातला मणी न् मणी निवडते तसं बारीक ब्रशनं खाचेखाचेतलं गंधक काढत दोन दिवस बसले. चहा दिला तर म्हणायचे, "आधी हे." तिसऱ्या दिवशी कॉम्प्युटर चालू झाला. तो तापला की पुढं वर्षभर घरात फटाक्यांचा वास यायचा एवढंच.

याच काळात त्यांची भविष्यवाणी वाढली. मांडवाखाली पडून वरच्या घडांकडं बघत सांगायचे, "पाहुणे, पुढं गेम नळाला येणार. डबा नको, कॉम्प्युटर नको. तोटी फिरवली की खेळ."

"आणि नळाला पाणी नाही आलं तर?"

"तर हांडे घेऊन बसा बोंबलत." मग म्हणाले, "एक मात्र हाय. हा तिकडं अमेरिकेत, तो इकडं नाशकात, अशी खेळतील माणसं. शेजारी बसून कुणी कुणाला कलंडवणार नाय." मी हसलो. ते हसले नाहीत.

आणखी काही वर्षं गेली. त्यांच्या पोरानं पुण्याहून नवाकोरा, चकचकीत काळा डबा पाठवला. साडू तो कापडात गुंडाळून, आक्काला बरोबर घेऊन माझ्याकडं आले, कारण इंटरनेट माझ्या घरी होतं. चेहऱ्यावर विजय. टीव्हीला जोडला, तबकडी घातली. खेळ येईना. आधी हार्ड डिस्कवर उतरवा म्हणाला. मग अपडेट हवं म्हणाला. पडद्यावर एक पट्टी गोगलगाईसारखी सरकत होती आणि आम्ही दोघं तिच्याकडं बघत होतो. डबा घुंऽऽ करायला लागला. साडूंनी वाकून मागं हात लावला, आणि बागेत पहिलं रोगट पान दिसावं तशा आवाजात म्हणाले, "पाहुणे, याच्यात पंखा हाय."

"हाय," मी म्हटलं.

"हार्ड डिस्क हाय. रॅम हाय. याला पण छाटणी आली. डबा कसला, कॉम्प्युटरच हा." त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. ती काढलेली मी लग्नातसुद्धा बघितली नव्हती. मग आतल्या बाजूला हाक मारली, "अगं, दोघी बाहेर या."

दोघी पदराला हात पुसत आल्या, समोर बसल्या. साडूंनी घसा खाकरला. या क्षणासाठी मी इतकी वर्षं थांबलो होतो. त्या दिवशी पेढे वाटायचे हेही मनात ठरलेलं होतं. आणि बघतो तर हा माणूस एकदम म्हातारा दिसायला लागला. टोपीखालचं डोकं पार पांढरं झालं होतं, आणि ते माझ्या आधी कधी ध्यानातच आलं नव्हतं.

"याचं—" ते म्हणाले.

"थांबा," मी म्हटलं. "पंखा असला म्हणून काय झालं? मी बघितलंय. कॉम्प्युटर गेले आता. डबाच राहणार. तुमचंच खरं होतं."

आक्का माझ्याकडं बघत राहिली. बायको तर अशी बघत होती की जणू मला ताप आला आहे. साडूंनी टोपी उचलली, नीट घातली, आणि डोळे बारीक करून म्हणाले, "काय बोलता पाहुणे! पंखा बघितला ना? कॉम्प्युटरच राहणार!" त्यावर जी जुंपली ती दिवेलागणीपर्यंत. ते कॉम्प्युटरच्या बाजूनं, मी डब्याच्या. पट्टी कधी संपली कुणी बघितलं नाही.

शाळेत मास्तरांनी दोन छड्या माझ्या हातावर मोडल्या तरी मी माझं उत्तर बदललं नव्हतं. त्या एका दिवशी बदललं, आणि बदललेलं उत्तर चुकीचं होतं हे मला अजूनही पक्कं ठाऊक आहे.