यंदा कोणाशी हरायचं

तुमच्या मुलीच्या शाळेचा फुटबॉल संघ यंदा कोणाकोणाशी खेळणार आहे, हे तुम्हाला माहीत आहे का? किती सामने जिंकला ते माहीत असेल. चषक हातात धरलेला फोटो तुम्ही घरच्या ग्रुपवर टाकला असेल, नाशिकच्या आत्याने त्याखाली टाळ्या वाजवल्या असतील. पण त्या दिवशी समोर कोण उभं होतं? त्यांना कोणी निवडलं, आणि कशासाठी? जेद्दातल्या आमच्या भारतीय शाळेत हे प्रश्न विचारणारी एकच बाई होती. आज ती त्या शाळेत नाही.

आम्ही तिला आपा म्हणायचो. ती पी.टी. शिकवायची. हर्णैच्या मासळीवाल्या घरातली मुलगी, डोक्याला घट्ट बांधलेला काळा रुमाल, पायात मुलांच्या मापाचे पांढरे बूट. गळ्यात शिट्टी असायची, पण ती वाजलेली मी क्वचितच ऐकली. आपाचा आवाज पुरायचा. आमच्या आधीच्या मुलींचा खेळाचा तास वर्गात कॅरम खेळण्यात जायचा. आपाने बाकं ढकलली, मुलींना बाहेर काढलं आणि भिंतीआडच्या मैदानावर उभं केलं. हे तिच्यासाठी इतकं साधं होतं, की त्याबद्दल तिचं कौतुक केलं तर ती म्हणायची, "बाहेर काढलं तर काढलं. आता धावा."

सामने ठरवणं हे तिचं खरं काम. गुरुवारी संध्याकाळी शराफियातल्या एका मलबारी हॉटेलात बाकीच्या शाळांचे पी.टी. शिक्षक चहाला जमायचे, आणि त्यांच्यात आपा एकटी बाई. हर्णैच्या बंदरावर मासळी घेताना कल्ले उघडून बघतात, तशी ती समोरच्या संघाची चौकशी करायची. गोलकीपर उंच आहे का? तुमची ती डावखुरी कुठे आहे? तिच्या वडिलांची नोकरी आहे ना अजून? तिच्याच तोंडून हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला हसू आलं. आपा मात्र गंभीर होती. "मागच्या वर्षीचा निकाल इथे चालत नाही, गे. कुणाच्या बापाचा राहायचा इकामा संपला, कोण फायनल एग्झिटवर कायमचं परत गेलं, ते बघायला लागतं. एक बाप परत गेला की अर्धा संघ जातो."

तिचं गणित होडीचं होतं. "होडी पाण्यात घालायची ती भरतीला," असं म्हणून पहिला सामना ती जिंकता येईल असाच घ्यायची. मग बरोबरीचा एक. आणि मग, मुली जरा फुशारल्या की, जेद्दाच्याच एका मोठ्या अकादमीतल्या सौदी मुलींशी. त्या मुलींकडे स्वतःच्या प्रशिक्षक होत्या, त्या रोज सराव करायच्या आणि त्या आम्हाला धुऊन काढायच्या. आमची गोलकीपर अनू, कोट्टयमची, पहिल्या वेळी मध्यंतरात रडतच आली. "आपा, ये लोग तो हमको मार डालेंगे."

"मारू दे. बघून घे कशी मारतात. पुढच्या वेळी तूच मारशील."

आणि त्या हरण्यानंतर ती लगेच सोपा सामना कधी ठेवायची नाही. बाकीचे शिक्षक म्हणायचे, पोरी खचतील, मध्ये एखादा जिंकवून द्या. आपाचं उत्तर ठरलेलं. "रडल्यावर लगेच गोड दिलं, की पोर गोडासाठीच रडते." आठवडाभर आम्ही तो पराभव चघळायचो, एकमेकींवर ढकलायचो, शेवटी मैदानावर जाऊन नेमकी तीच चूक सुधारायचो. दुसऱ्या वर्षी त्याच अकादमीने आम्हाला एका गोलने हरवलं. अनू त्या दिवशीही रडली, पण घरी जायला तयार नव्हती. तिला तिथेच आणखी खेळायचं होतं.

सोप्या सामन्याबद्दल तिचा एक वेगळा नियम होता, आणि तो कोणालाच आवडायचा नाही. जेद्दापासून शंभरेक किलोमीटरवरच्या किंग अब्दुल्ला इकॉनॉमिक सिटीत एक छोटी शाळा आहे. बंदरावर आणि कारखान्यांत काम करणाऱ्यांच्या मुली, संघ नुकताच जमवलेला, काहींचे शर्ट गुडघ्यापर्यंत. आमचा पहिला सामना त्यांच्याशी असायचा, आणि त्यात आपा आमच्या चांगल्या खेळाडूंना बाहेर बसवायची. मी पुढे खेळणारी, गोल मारणारी. मला राग यायचा. "आपा, मी का नाही?" ती माझ्याकडे न बघता सांगायची, "तुझा सोपा सामना तो त्यांचा कठीण आहे. आपण ज्यांना हरवतो, त्यांची पण कुणीतरी आपा असते. तिला उद्या त्या पोरींना परत मैदानावर आणायचं असतं."

आता शाळेच्या समितीतल्या एका काकांबद्दल. त्यांचं नाव घेत नाही, कारण असे काका तुमच्याही शाळेत आहेत. पेट्रोकेमिकलमध्ये मोठ्या हुद्द्यावर, गणपतीत आरती तेच म्हणायचे, बोलायला गोड. त्या वर्षी वार्षिक अहवालात त्यांना 'अपराजित संघ' असे दोन शब्द हवे होते. मुलींच्या कॉलेजच्या अर्जांना ते बरे दिसतात, असं पालकांचंही म्हणणं होतं. त्यांनी आपाला मैदानाच्या कडेलाच गाठलं. आम्ही बूट बांधत होतो.

"आपा, तुम्ही हरायचं आधीच का ठरवता?"

"हरायचं नाही ठरवत, सर. कोणाशी हरायचं ते ठरवते."

"अहो, पण हरायचंच कशाला? ती अकादमी काढून टाका यादीतून."

"मग शिकायचं कोणाशी?"

"शिकायला वर्ग आहेत ना," काका हसले. त्यांच्या बरोबरचे दोन पालकही हसले. त्यातले एक माझे बाबा होते.

अकादमीचा सामना रद्द झाला. त्या जागी कोण आलं? तीच छोटी शाळा, गुडघ्यापर्यंतच्या शर्टवाल्या मुली, दुसऱ्यांदा. आणि या वेळी वरून हुकूम होता: पूर्ण ताकदीचा संघ उतरवा, फोटोवाला येणार आहे. वडिलांना सुट्टी मिळाली तरच सुटणाऱ्या बसने त्या मुली इतक्या लांबून आल्या होत्या. आम्ही त्यांच्यावर तुटून पडलो. मध्यंतरापर्यंत फळ्यावरचा आमचा आकडा असा झाला होता, की त्यांच्या शिक्षिकेने तिकडे बघणं सोडलं होतं. आमचे पालक मात्र ओरडत होते, आणखी, आणखी. मी विचारते, कोणाविरुद्ध आणखी? बारा-तेरा वर्षांच्या, घाबरलेल्या पोरींविरुद्ध?

मगरीबची बांग झाली, खेळ थांबला. आपाने कडेला नमाज पढली, चटई घडी करून पिशवीत ठेवली आणि ती आमच्याकडे आलीच नाही. ती सरळ मैदान ओलांडून पलीकडे गेली. त्यांच्या शिक्षिकेशी दोन शब्द बोलली, मग त्या मुलींमध्ये उकिडवी बसली. तिचा आवाज तो. आम्हाला इकडे सगळं ऐकू येत होतं.

"वो लंबी लडकी है ना, वो हमेशा बायें मुड़ती है. हमेशा. बायें का रास्ता बंद करो, उसको कुछ नहीं आता."

ती लंबी लडकी म्हणजे मी. आणि मला खरंच दुसरं काही येत नव्हतं.

खेळ सुरू झाला आणि आपा पलीकडेच उभी राहिली. सगळ्यात लहान मुलीने माझी डावी बाजू अडवली. मी अडखळले. चेंडू तिच्याकडे गेला, तिथून पुढे, आणि कधी नव्हे तो त्यांना एक कॉर्नर मिळाला. फक्त कॉर्नर, गोल नाही. त्या मुलींनी एकमेकींना मिठ्या मारल्या. आमची अनू गोलमध्ये उभी राहून टाळ्या वाजवत होती, आणि काका तिच्यावर ओरडत होते.

सामना आम्हीच जिंकला. अहवालात ते दोन शब्द छापले गेले. आणि वर्ष संपताना समितीने आपाचा करार वाढवला नाही. कारण काय दिलं? 'शाळेशी निष्ठेचा अभाव.' इतकी वर्षं हजारो रियाल फी भरणाऱ्या शहाण्या, शिकलेल्या पालकांपैकी एकानेही त्यावर तोंड उघडलं नाही. मी घरी बाबांशी भांडले. ते म्हणाले, "समितीशी वाकडं घेऊन चालत नाही, बाळा. इथे आपण परके आहोत." इकाम्यावर जगणारी माणसं बोलण्याआधी दहादा विचार करतात, हे मला कळतं. कंपनीत कफील असतो, ज्याच्या सहीवर आपला व्हिसा चालतो, मान्य. पालकसभेत कोणता कफील बसलेला असतो?

आपाचा नवरा दूर उत्तरेला, तबूकला एका बांधकामावर होता. ती त्याच्याकडे निघाली तेव्हा आम्ही काही जणी तिला भेटायला शराफियाच्या त्याच हॉटेलात गेलो. मला वाटलं होतं ती चिडलेली असेल. ती वेटरशी परोट्यावरून भांडत होती. मी म्हटलं, "आपा, तुम्ही तिकडे जायला नको होतं. आमच्या बाजूला राहिला असतात तर नोकरी राहिली असती."

"तुमच्याच बाजूला होते, गे," ती म्हणाली. "त्या दिवशी तुमच्यासाठी एक तरी कठीण माणूस नको का मैदानावर?" मग परोट्याचा तुकडा माझ्या ताटात टाकून म्हणाली, "उजवीकडे वळायला शिक."

मी शिकले. आता पुण्यात कॉलेजच्या संघात खेळते आणि दोन्हीकडे वळते. आपा तबूकला कामगारांच्या कंपाउंडमधल्या मुलींना जमवून पुन्हा तेच करते आहे. गेल्या महिन्यात तिचा फोन आला. तिच्या नव्या मुली अजून स्वतःच्याच पायात अडकतात. तिला एखादा चांगला संघ हवा आहे, जो येऊन त्यांना हरवेल, पण माणसासारखा हरवेल. तिने किती तरी शाळांना विचारलं. कोणी तयार नाही. जे बरोबरीचे आहेत त्यांना हरायची भीती, जे मोठे आहेत त्यांना एवढ्या लांब येऊन फोटो मिळणार नाही याची.

तुम्ही जेद्दात असा, दम्माममध्ये असा की नाशकात, तुमच्या मुलीच्या शाळेत पुढची पालकसभा होईल. चहा-सामोसे होतील, चषकांची चित्रं दाखवली जातील. तेव्हा कृपा करून हात वर करा, उभे राहा आणि विचारा: यंदा आमच्या मुली कोणाशी हरणार आहेत? उत्तर मिळेपर्यंत खाली बसू नका.