बाभळीला बांधलेला खलाशी

मानसिंग होडीवर राहायला गेला तेव्हा त्याच्या बायकोनं, ठकुबाईनं, त्याला अडवलं नाही. घरातली एक खाट मोकळी झाली, एवढंच तिच्या मनात आलं.

मुंबईच्या गोदीत या माणसानं उभी हयात पोती मोजली. जहाजं रोज बघितली, पण एकावरही बसून कुठं गेला नाही. स्वेच्छानिवृत्ती घेऊन भोर तालुक्यात, भाटघर धरणाच्या पाण्याकाठच्या आपल्या वाडीत परतला तो मात्र थेट खलाशी होऊन. मासेमारीच्या ठेकेदारानं टाकून दिलेली होडी घेतली, वर पत्रा ठोकला, बांबू उभा केला आणि त्याला ताडपत्रीचं शीड बांधलं. शीड मोठ्या झोकात फडफडायचं. होडी मात्र जायची कुठंच नाही, कारण ती काठावरच्या बाभळीला दोरानं बांधलेली. पाणी ओसरलं की दोर सोडायचा, चढलं की आवळायचा, हे काम ठकुबाईचं. खलाशाला धड गाठ मारता येत नव्हती.

आणि वर ज्ञान पाजळणं. सगळे आजार जमिनीतनं येतात, म्हणायचा. धूळ जमिनीची, डास जमिनीचे, माणसांची कटकट जमिनीवरची. सकाळी उघड्या अंगानं सूर्याकडं तोंड करायचा, ढेरीवरनं हात फिरवायचा आणि काठावर धुणं धुणाऱ्या बायांना प्रकृती सांभाळायचे उपाय सांगायचा. बाया तोंडाला पदर लावायच्या. ही काया निरोगी राहावी म्हणून ठकुबाई रोज चिखल तुडवत उकळलेल्या पाण्याची कळशी, भाकरी, कालवण आणि तंबाखूची पुडी घेऊन यायची, ते त्या उपायांत कधी यायचं नाही.

दोन हजार चारच्या उन्हाळ्यात अमजद वाडीवर आला. भोरात त्याचं पंक्चरचं दुकान, आणि जोडीला आरोग्यविम्याची एजन्सी घेतलेली. काठावरच्या दगडावर बसून त्यानं सगळं नीट समजावलं. एकट्याचा विमा असतो, नवराबायकोचा मिळूनही असतो, दोघांच्या विम्याला हप्ता थोडा जास्त पण फायदा दुप्पट. मानसिंग होडीतनंच प्रश्न टाकत होता. वादळात होडी उलटली तर? लाटेनं माणूस नेला तर? मगरीनं पाय धरला तर? अमजदनं त्या पाण्याकडं बघितलं. तिथं म्हशी डोळे मिटून डुंबत होत्या. मगरीचं बिल दवाखान्याचं असंल तर मिळंल, असं तो गंभीरपणे म्हणाला.

ठकुबाई डबा घेऊन उभी राहून ऐकत होती. मार्गासनीला दिलेली तिची थोरली बहीण धोंडाबाई पोटातल्या गाठीनं गेली होती. पुण्याला नेऊ, बघू, सुगी होऊ दे, असं करत घरच्यांनी दोन पावसाळे काढले, आणि नेली तेव्हा डॉक्टरनं नुसती मान हलवली. ठकुबाईला मरणाचं भ्या नव्हतं. भ्या होतं ते 'बघू' या शब्दाचं. विमा असला तर बघू म्हणायला कुणाला तोंड राहणार नाही, हे तिला तिथल्या तिथं कळलं. दोघांचा काढा, ती म्हणाली.

"तुझा कशाला?" मानसिंग म्हणाला. "विमा काढायचा म्हंजे आजाराला आवतण द्यायचं. तुझ्या जिवाची काळजी हाय म्हणून सांगतोय."

"मग तुमच्या नावाचं आवतण कसं चालतं?"

"पाण्यावर त्याला वाट घावत न्हाई."

त्यानं एकट्याच्या अर्जावर सही ठोकली. अमजद निघताना ठकुबाईला हळूच म्हणाला, "वहिनी, कागद सोमवारी पुण्याला जातोय. तवर नाव घालता येईल."

दुसऱ्या सकाळी ती काठावर आली ती हात हलवत. मानसिंगनं डबा कुठाय म्हणून विचारलं.

"आजार जमिनीतनं येतो म्हणता," ती म्हणाली. "नाचणी जमिनीतली, पाणी जमिनीवरल्या हिरीचं, तंबाखू बी जमिनीतलीच. तुमच्या जिवाची मला काळजी न्हाई व्हय?"

बायांचं धुणं थांबलं. मानसिंगनं छाती काढली आणि पाणी आपल्या माणसाला उपाशी ठेवत नसतं, असं जाहीर केलं. दिवसभर गळ टाकून बोटाएवढा मासा मिळाला, तो अर्धाकच्चा खाल्ला. वर म्हशींच्या शेजारचं पाणी ओंजळीनं प्याला. इकडं ठकुबाईनं सवयीनं दोघांचा भात शिजवला आणि शांतपणे दोघांचा खाल्ला.

मग पोटानं जे करायचं ते केलं. होडीवर आडोसा नसतो, आणि धुणं रोजच असतं. बायांच्या नजरेतनं सुटायला खलाशानं अखेर शीड उघडलं, पलीकडच्या काठाला जायला. वारा भरला, होडी ऐटीत निघाली, दोर संपेपर्यंत गेली आणि हिसका खाऊन जागेवर फिरली. काठावर एक म्हातारी हसता हसता पाण्यात बसली. विहिरीतनं बादली शेंदावी तसा मानसिंग दोर ओढत स्वतःलाच काठाला घेऊन आला.

बाभळीखाली ठकुबाई होती आणि तिनं बोलावून घेतलेला अमजद होता. मानसिंगनं भाकरी मागितली. ती म्हणाली, आधी सही.

"माझा विमा हाय," तो कण्हत म्हणाला. "दवाखाना कंपनी बघंल."

"कागद अजून माझ्या पिशवीत हाय, मानसिंगराव," अमजद म्हणाला. "आन् पहिला महिना आजार धरत बी न्हाईत."

सही झाली.

पोट जाग्यावर आल्यावर अमजदनं दोघांना भोरला तपासणीला नेलं. ठकुबाई निघाली खणखणीत. पाण्यावरच्या निरोगी पुरुषाचा रक्तदाब असा निघाला की डॉक्टरनं पट्टा दोनदा गुंडाळून खात्री केली. मीठ कमी करा, तंबाखू सोडा, रोज चाला. अमजदनं ते खरंखुरं लिहून घातलं, आणि हप्ता वाढला तो मानसिंगच्या नावचा. त्या दिवसापासून ठकुबाईनं डबा न्यायचं बंद केलं. चालायला सांगितलंय ना, मग जेवायला चालत या.

पुढं एका बाजारच्या दिवशी दोघं मार्गासनीला, धोंडाबाईच्या घरी टेकली. ओसरीवर मानसिंग धोंडाबाईच्या नवऱ्याला, गेनबाला, शहाणपण शिकवत होता. बाईमाणसाच्या तब्येतीत हयगय करू नये, ठकी नको म्हणत होती, पण मीच हट्टानं विमा काढला. गेनबा खाली मान घालून ऐकत होता. आत चुलीपाशी गेनबाची सून शुभांगी भाकऱ्या थापत होती. काका बाहेर काय सांगतायत ते ऐका, असं तिनं शेजारी बसलेल्या ठकुबाईला डोळ्यांनीच खुणावलं.

"सांगू दे," ठकुबाई म्हणाली. "सही त्यांची हाय, तोंड बी त्यांचंच." मग तिच्याजवळ सरकून बसली. "तुझं नाव हाय का गं, असल्या कुठल्या कागदावर?"

शुभांगीनं नकारार्थी मान हलवली.

"मग सही व्हायच्या आधी भाकऱ्या कुणासाठी थापतीयास?"