बोग्नाचं नवं माप

वुच शहरातल्या एका पोस्टात पार्सलांच्या खिडकीवर बसणारी बोग्ना सोविन्स्का वर्षभर करड्या स्वेटरात दिसायची. जूनमधला एक रविवार तेवढा वेगळा. त्या दिवशी जुन्या गिरणीमालकाच्या बागेत दीड-दोनशे हौशी माणसं घरी शिवलेले वेश घालून जमायची. त्यांच्यात बोग्ना कधी दीडशे वर्षांपूर्वीची शाळामास्तरीण असायची, तर कधी गुडघ्यापर्यंत बूट चढवलेली आकाशयानाची कप्तान.

यांतला कप्तानाचा वेश आधीचा. नवऱ्याशी फारकत झाली त्या हिवाळ्यात टीव्हीवर आकाशयानांची एक मालिका लागायची. तिच्यातल्या कप्तानबाईचा निळा कोट बोग्नाच्या मनात असा भरला की तिने बैठकीच्या खोलीचे पडदे उतरवले आणि तसाच कोट शिवायला घेतला. एक बाही आखूड झाली, कॉलर दोनदा उसवावी लागली. पण तो कोट घालून ती आरशासमोर उभी राहिली, तेव्हा कितीतरी महिन्यांनी तिची पाठ ताठ झाली होती. तेव्हा हातात धरलेली सुई पुढे चौदा वर्षं सुटली नाही. कप्तानानंतर जुन्या काळातले झगे आले, नाड्यांनी कंबर आवळणारे कॉर्सेट आले, हातमोजे आले, आणि कपाटात रोजच्या कपड्यांना जागा उरेनाशी झाली.

तिची आई लेओकाद्या त्याच इमारतीत दोन मजले वर राहायची. वय अठ्ठ्याहत्तर. कोट शिवण्याच्या कारखान्यात एकतीस वर्षं तिने कापड बेतलं होतं, आणि मुलीच्या या छंदाचा तिला मनापासून तिटकारा होता.

“पन्नाशीला आलीस, अजून सोंगं काढतेस,” ती म्हणायची. “आम्ही दिवसाला चारशे कोट बेतायचो. माणसं ते घालून कामावर जायची. तुझं हे घालून कुठे जायचं?”

“बागेत जायचं, आई.”

“मग जा. पण खालची टीप वाकडी आलीय, ती लपव.”

मैत्रीण म्हणाल तर झानेता. दाताच्या दवाखान्यात काम करणारी, बोग्नाहून दहा वर्षांनी लहान, आडदांड आणि तोंडाळ. ती फोमच्या शीटा तापवून, वाकवून, रंगवून चिलखतं बनवायची. बघणाऱ्याला ती लोखंडाचीच वाटत. बोग्नाचा शिवणाचा पुतळाही तिनेच बनवला होता. बोग्नाला जुना टी-शर्ट घालून उभं केलं, वरून चिकटपट्टीचे थर गुंडाळले, मग पाठीवर कापून ते कवच काढलं आणि आत चिंध्या ठासून भरल्या. हुबेहूब बोग्ना, फक्त डोकं आणि हात नसलेली.

गेल्या वर्षी जुलैत अंघोळ करताना डाव्या स्तनात वाटाण्याएवढी गाठ हाताला लागली. ऑगस्टमध्ये शस्त्रक्रिया झाली. स्तन काढावा लागला. मग हिवाळाभर औषधाच्या सलाइनी. केस गेले आणि फेब्रुवारीत परत आले ते चक्क कुरळे. मार्चमध्ये बोग्ना पुन्हा खिडकीवर बसायला लागली. लोक म्हणाले, सुटलीस बाई. तीही हो म्हणायची.

गाठ सापडायच्या आधी तिने एक झगा शिवायला घेतला होता. जाड लोकरीचा, बाटलीसारखा हिरवा, दीडशे वर्षांपूर्वीच्या बेताचा. घागरा पुरा झाला होता. वरची अंगालगत बसणारी चोळी नुसती कापून ठेवली होती. एका शनिवारी तिने ते तुकडे काढले, कच्च्या टाक्यांनी जोडले आणि पुतळ्यावर चढवले. चोळी झकास बसली. बोग्ना बघत राहिली. पुतळा मागच्या वर्षीचा होता, दोन्ही बाजूंनी भरलेला.

मग तिने तीच चोळी स्वतः घालून पाहिली. आत कॉर्सेट, कॉर्सेटमध्ये दवाखान्यातून मिळालेला, स्तनाच्या जागी घालायचा सिलिकॉनचा साचा. नाड्या आवळल्यावर साचा हळूहळू वर सरकत गेला आणि थेट गळ्याच्या हाडाखाली येऊन बसला. दुसऱ्या कुणाच्या बाबतीत हे घडलं असतं तर ती पोट धरून हसली असती. तिने चोळी काढली, पुतळ्यावर चादर टाकली आणि तो बाल्कनीत नेऊन ठेवला.

एप्रिलमध्ये झानेताचा फोन आला.

“या वर्षी काय घालतेयस?”

“या वर्षी नाही जमणार गं. पोस्टात फार काम आहे.”

“रविवारी पोस्ट बंद असतं.”

“दमते मी लवकर.”

“बसून राहा मग. तुला कोण नाचायला सांगतंय?” मग झानेताचा आवाज उतरला. “बरं, ते राहू दे. शनिवारी माझ्याबरोबर चल. पलीकडच्या गावातलं संग्रहालय जुने कपडे पेट्यांतून बाहेर काढून दाखवणार आहे. आतून बाहेरून. मला एकटीला त्यातलं काही कळायचं नाही.”

झानेताला कळत नाही ही थाप होती, पण बोग्ना गेली.

संग्रहालय म्हणजे तीन खोल्या. जुने कपडे दुरुस्त करणाऱ्या बाईंनी पांढरे हातमोजे चढवले, पातळ कागदात गुंडाळलेली एक चोळी टेबलावर ठेवली आणि अलगद उलटी केली. बाहेरून ती तपकिरी रेशमाची, अंगालगत बसणारी, नीटस. आत उजव्या बाजूला साधं अस्तर होतं. डाव्या बाजूला मात्र कापसाची गादी शिवलेली होती, एकावर एक पाच थर, काठाला पातळ, मध्ये जाड, बारीक टाक्यांनी पक्की केलेली.

“हे एकाच बाजूला का?” बोग्नाने विचारलं.

“जिची चोळी, तिची ती बाजू कमी असणार,” बाई म्हणाल्या. “जन्मापासून असेल, आजारपणाने असेल, खांदा उतरता असेल. कोण सांगणार आता? अशा बऱ्याच बघितल्या मी. तेव्हाच्या शिंपिणी माणूस जसं असेल तसं घ्यायच्या आणि कमी पडेल तिथे भरायच्या.”

“बाहेरून कळत नाही.”

“कळू नये म्हणूनच शिवलंय ना.”

बोग्नाने परवानगी मागून त्या गादीचे सहा फोटो काढले. परतीच्या गाडीत ती खिडकीबाहेर बघत होती.  वुच जवळ आल्यावर बोग्ना म्हणाली, “थर तिरके कापलेत. म्हणून ती गादी सुरकुतत नाही.”

“तू म्हणशील तसं,” झानेता म्हणाली आणि दुसरीकडे तोंड करून डोळे पुसले.

दुसऱ्या दिवशी बोग्नाने बाल्कनीतला पुतळा काढला, काखेत मारला आणि दोन जिने चढून आईच्या दारात उभी राहिली. पाच थर बसवणं तिला एकटीला जमलं नसतं. अर्धा सेंटिमीटर चुकलं तरी चोळी ओढली गेली असती. शहरात एकच माणूस असं होतं की ज्याची कात्री चुकायची नाही.

“आई, माप घे माझं.”

लेओकाद्याने पुतळ्याकडे पाहिलं, मुलीकडे पाहिलं. “कशाला? सोंगासाठी?”

“हो. सोंगासाठी.”

म्हातारी चष्मा घेऊन आली. बोग्नाने स्वेटर काढला, आतला शर्ट काढला. शस्त्रक्रियेला आठ महिने झाले होते, पण आईने तो व्रण अजून पाहिला नव्हता. एकीने दाखवला नव्हता, दुसरीने विचारलं नव्हतं. लेओकाद्याने चष्मा चढवला. मग कारखान्यातल्या कोरड्या आवाजात म्हणाली, “हात वर. श्वास सोड. पोट आत नको घेऊस, मला खरं माप पाहिजे.”

ती आकडे सांगत गेली, बोग्ना लिहीत गेली. उजवी बाजू वेगळी, डावी बाजू वेगळी. काखेतून कंबरेपर्यंत, खांद्यापासून व्रणापर्यंत, व्रणापासून खाली.

“आमच्याकडे साडेतीनशे बायका होत्या,” टेप गुंडाळत लेओकाद्या म्हणाली. “ख्रिसमसला प्रत्येकीला कारखान्याचा एकेक कोट मिळायचा, म्हणून सगळ्यांची मापं मीच घ्यायचे. दोन्ही बाजू सारख्या असलेली एकही नव्हती. एकीलाही मी ते सांगितलं नाही. उगाच जिवाला घोर कशाला?”

मग तिने मोठी कात्री घेतली आणि पुतळ्याची डावी बाजू सरळ चिरली. चिंध्या उपसल्या, कवच आत दाबलं, वरून चिकटपट्टी मारली. 

“पुतळ्याने खोटं बोलून कसं चालेल,” लेओकाद्या म्हणाली. थोड्या वेळाने, पुतळ्याकडेच बघत, तिने विषय काढला. “तुला आत नेलं त्या दिवशी मी बाहेर बाकावर पाच तास बसले होते. माझे हात नुसते मांडीवर. मला त्यातलं काही येत नव्हतं. हे येतं.”

बोग्नाने तिच्या खांद्यावर हात ठेवला. म्हातारीने तो राहू दिला, आणि मग म्हणाली, “कापूस आण. चांगला आण, चपटा होणारा नको.”

त्यानंतर रोज कामावरून आली की बोग्ना वर जायची. पाच थर तिरके कापून झाले. पहिली गादी फार उंच झाली, दुसरी टणक, तिसरी बसली. पण हलकी असल्यामुळे ती बाजू चालताना वर उचलली जायची. त्यावर लेओकाद्यानेच तोड काढली. पडदे नीट लोंबावेत म्हणून काठात शिशाच्या मण्यांची साखळी घालतात, तिचा वीतभर तुकडा तिने कापडात गुंडाळून शेवटच्या थरात शिवला. बोग्नाने चोळी घातली आणि खोलीत चार फेऱ्या मारल्या. काही सरकलं नाही.

“आता वाक,” आई म्हणाली.

बोग्ना वाकली.

“खोक.”

“आई, हे काय आता?”

“खोक म्हणते ना.”

बोग्ना खोकली. चोळी जागच्या जागी राहिली. लेओकाद्या खुर्चीत टेकली आणि म्हणाली, “बसली.”

जूनच्या पहिल्या सोमवारी वर्षाची तपासणी होती. फोटो काढले, रक्त घेतलं, निकाल गुरुवारी फोनवर सांगतो म्हणाले. ते तीन दिवस दोघींनी काजं करण्यात घालवले. चोळीला पुढून सत्तावीस बटणं, म्हणजे सत्तावीस काजं, सगळी हाताने. तपासणीचं नाव कुणी काढत नव्हतं. बुधवारी बोग्नाचा एक टाका चार वेळा उसवला तेव्हा आईने कापड तिच्या हातातून काढून घेतलं आणि उकळता चहा समोर ठेवला.

गुरुवारी अकरा वाजता खिडकीवर रांग होती. पुढे एक मधमाश्या पाळणारे गृहस्थ, मधाच्या बरण्यांचं खोकं घेऊन. फोन वाजला.

“सोविन्स्काबाई, सगळं स्वच्छ आहे,” डॉक्टर म्हणाले. “कुठे काही नाही. आता सहा महिन्यांनी या.”

“पुन्हा सांगता का, डॉक्टर?”

त्यांनी पुन्हा सांगितलं. बोग्नाने फोन ठेवला, शिक्का उचलला आणि त्या खोक्यावर धाड धाड करत उमटवत सुटली.

“बाई, जरा जपून,” गृहस्थ म्हणाले, “आत काच आहे. वर लिहिलंयही.”

“माफ करा. मला आत्ता चांगली बातमी मिळाली.”

“मग मारा अजून एक,” ते म्हणाले. “दोन बरण्या फुटल्या तरी चालतील.”

मागच्या खोलीत जाऊन ती टपालाच्या पिशव्यांवर बसली.  गेल्या जुलैपासून छातीवर कुणीतरी बसलं होतं आणि ते आता उठून निघून गेलं, असं तिला वाटलं. तिने आईला फोन लावला आणि सांगितलं.  पलीकडून नाक शिंकरल्याचा आवाज आला.

“बरं,” लेओकाद्या म्हणाली. “तीन काजं राहिलीत. पण आता घाई करून ती बिघडवू नकोस.”

रविवारी ऊन स्वच्छ होतं. बागेच्या एका अंगाला झगे, टोप्या आणि छत्र्या, दुसऱ्या अंगाला चिलखतं, शिंगं आणि पंख. फाटकाशी बोग्नाचे पाय अडखळले. आत शिरलं की सगळ्यांची नजर आधी तिथेच जाणार, अशी तिची खात्री होती. दरवर्षी सेनापती होऊन येणारे एक निवृत्त बसचालक लगबगीने पुढे आले, वाकून नमस्कार केला आणि त्यांचे डोळे खरोखरच तिच्या छातीवर खिळले. बोग्नाचे कान तापले.

“हाताची काजं,” ते म्हणाले. “सगळीच्या सगळी? मी माझ्या कोटाला अकरा केली आणि हात टेकले. तुम्ही दोरा मेणातून ओढून घेता का?”

बोग्ना अर्धा तास त्यांना दोरा समजावून सांगत होती.

झानेता नव्या चिलखतात आली होती. त्यात चालता यायचं, बसता मुळीच यायचं नाही, त्यामुळे तिने सगळं जेवण उभ्यानेच केलं. बटाट्याची कोशिंबीर, लोणच्याची काकडी, चीजकेकचे दोन तुकडे. लेओकाद्या रोजच्या कोटात, पर्स मांडीवर घेऊन बाकावर बसली होती. चौदा वर्षांत पहिल्यांदा आली होती, तीही ‘तुझं काही उसवलं तर’ असं म्हणून. पहिला तासभर ती येणाऱ्याजाणाऱ्यांच्या कपड्यांच्या काठांची शिवण बघून तोंड वाकडं करत राहिली. मग तिने एका पंखवाल्या परीला हाक मारली.

“ए पोरी, इकडे ये. पाठीला सुरकुती पडलीय तुझ्या. टाचणी आहे का कुणाकडे?”

दुपारपर्यंत बाकापुढे पाच जणी ओळीने उभ्या होत्या.

वाद्यं सुरू झाली तेव्हा जोड्या लागल्या. सेनापतींनी बोग्नापुढे हात केला. पहिली फेरी तिने जपून घातली, दुसऱ्या फेरीत ती पावलं मोजायचं विसरली, आणि तिसऱ्या फेरीला तिच्या लक्षात आलं की मघापासून आपण चोळीचा विचारच केलेला नाही. तिने भरून श्वास घेतला. कॉर्सेटमध्ये जेवढा मावतो तेवढा.

संध्याकाळी ट्राममध्ये झग्याचा मागचा फुगवटा कुठल्याच खुर्चीत मावेना, म्हणून बोग्ना दांडा धरून उभी राहिली. समोर तिची पिशवी आणि टोपी सांभाळत आई बसली होती. शेजारच्या बाईने विचारलं, “सिनेमाचं चित्रीकरण आहे का कुठे?”

“नाही हो,” लेओकाद्या म्हणाली. “माझी मुलगी आहे. बागेत गेलो होतो.”

दोन थांबे आधीच तिने उतरायचं ठरवलं, कारण तिला तिथल्या दुकानातलं चेरीचं आइस्क्रीम हवं होतं. दोघी उतरल्या आणि एकेक कोन घेऊन, हिरव्या झग्याला डाग पडू नये म्हणून माना पुढे काढून खात, सावकाश घरी चालत गेल्या.