बल्ब जोडल्यावर

मुलगी शाळेत विज्ञान शिकवते. वर्गात दाखवायचं छोटंसं जनित्र ती जेवणाच्या टेबलावर तपासून पाहत होती आणि दांडा फिरवायला तिने मला बसवलं होतं. मोकळ्या तारांना मीटर लावलं की आकडा चांगला यायचा. इवलासा बल्ब जोडला की तोच आकडा निम्म्याखाली घसरायचा. तिने तारा बदलल्या, टोकं पुन्हा खरवडली, तरी तेच.

"बाबा, एकसारखं फिरवा हो. दमलात का?"

"दमलोय. पण बल्ब लावला की हा दांडाच जड होतो गं."

ती स्वतःवरच हसली. "मग बिघडलंय कुठे? आता त्याला काम पडलंय. आकडा उतरणारच."

बायको गेल्यापासून भेटायला येणारे म्हणतात, तुम्ही छान सावरलात. मी वाचतो, फिरायला जातो, वेळेवर जेवतो. तिचं नाव तेवढं काढत नाही. मुलीने विषय काढला की पुस्तक उघडतो. असे दिवस हलके फिरतात, आणि त्यांनी काहीच उजळत नाही.

मी पुन्हा दांडा फिरवू लागलो. बल्ब तांबूस, मंद पेटला.

"तुझी आई म्हणाली असती, सरका तिकडे, तुम्हाला नाही जमायचं."

बोलता बोलता माझा आवाज उतरला. हात थांबला, बल्ब विझला.

"थांबू नका, बाबा," मुलगी हळूच म्हणाली. "आणखी काय म्हणाली असती?"