कानासाठी चालणाऱ्या आक्का

आदल्या संध्याकाळी आक्का मला म्हणाल्या होत्या, "मास्तरीण, उद्या चालायला येळंवर नीघ. तू लई रेंगाळतीस." सकाळी मी चपला घालतेय तोच त्यांची सून सारिका दारात आली. झोपेतच गेल्या, म्हणाली… त्याला आता महिना उलटला. पोटभर रडून झालंय. आता आठवलं की हसूच येतं, आणि त्याची मला लाज वाटत नाही. सुतकी चेहऱ्याची माणसं आक्कांना कधीच खपली नाहीत.

आक्का म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई. ईट गावात आमची खव्याची भट्टी आहे. मी शाळेत शिकवायची, म्हणून मास्तरीण. कढईसमोरची जागा तीस वर्षं त्यांची. खवा त्या कानानं ओळखायच्या. आधी दूध खळखळतं, मग आवाज जड होतो, शेवटी नुसती फदफद उरते आणि ती थांबायच्या आत कढई उतरवायची. प्रत्येक घाण्याची चव घ्यायची आणि दिवसभर पाटावर बसायचं, त्यामुळे देह सुटत गेला. त्याचंही त्यांना कौतुकच होतं.

मग एकदा खवा करपला. आक्कांनी दूधवाल्याला झापलं. दुसऱ्यांदा करपला तेव्हा लाकडं ओली म्हणून सारिकाला बोलल्या. तिसऱ्यांदा मी तिथंच होते. कढई उतरवून आक्का हळूच म्हणाल्या, "मला फदफद ऐकू येईना गेलीय गं." आक्कांना घाबरलेलं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

धाराशिवला कानाच्या डॉक्टरीणबाईंकडं नेलं, तर त्यांनी आधी वजनकाट्यावर उभं केलं. आक्का भडकल्या. "म्या कान दाखवायला आले, बाजारात इकायला न्हाय." बाई हसल्या, पण नीट समजावून सांगितलं. कानाच्या आत रक्त नेणाऱ्या शिरा अगदी बारीक असतात. वाढलेलं वजन, साखर, दिवसभर बसणं त्यांनाही बाधू शकतं. गेलेलं परत यायचं नाही. पण रोज चाललात, वजन उतरवलंत, तर राहिलेलं टिकायला मदत होईल. हमी मात्र देत नाही. कानात घालायचं मशीनही दिलं. परतताना एसटीत आक्का म्हणाल्या, "मला कायमचे कुठं पायजेत कान? सारिका शिकंस्तोवर टिकले तरी बास. आवाज काय वहीत लिहून देता येतोय व्हय?"

दुसऱ्याच दिवसापासून आम्ही दोघी सकाळी गावाबाहेरच्या पुलापर्यंत चालायला लागलो. पण बाईमाणूस कामाशिवाय चालतंय म्हटल्यावर गाव काय गप्प बसतंय? आक्कांनी रिकामी किटली हातात घेतली. कुणी "कुठं चाललाव?" विचारलं की किटली वर करायच्या. आठ दिवसांत गावभर झालं, भट्टीवाल्या आक्का दुसरीकडून दूध आणायला लागल्या! आमचे तिन्ही दूधवाले हात जोडून दारात. शेवटी खरं सांगावं लागलं. पुढच्या आठवड्यात पुलापर्यंत आम्ही पाच जणी होतो, आणि पाचींच्या हातात किटल्या…

वर्षानं पुन्हा कान तपासले. ऐकण्याचा आलेख पहिल्यासारखाच, ना वर ना खाली. चालण्यानं की मशीनच्या धाकानं, देव जाणे. आक्कांनी गावात पेढे वाटले. लोक विचारायचे, "काय झालं?" त्या सांगायच्या, "काय बी न्हाय झालं, म्हणून तर वाटायलेय."

सारिकाला शिकायला आणखी वर्ष लागलं. रोज दोघी शेजारी बसायच्या, आक्का बोट वर करायच्या, "हा बघ, आता जड झाला." आणि एके दिवशी सारिका कढईकडं कान लावून बसलेली असताना आक्कांनी स्वतःचं मशीन काढून डबीत ठेवलं. मी म्हटलं, "अहो, आत्ता तर ऐकायला पाहिजे." त्या म्हणाल्या, "आता तिला ऐकू दे." खवा पांढराशुभ्र, रवाळ उतरला. आक्कांनी डोळ्याला पदर लावला.

मला वाटलं, काम झालं, आता चालणं सुटणार. दुसऱ्या दिवशी उजाडायला दारात हजर, कानात मशीन घालून. मी म्हटलं, "आता कशाला जपायचे कान?"

"तीस वरसं कान कढईत घालून बसले. तू जन्मभर काय बोलत होतीस, निम्मं बी ऐकलं न्हाय म्या. आता सांग."

आठ महिने मी सांगत राहिले. माहेरचं, शाळेतलं, त्यांच्यावरच्या जुन्या रागाचंसुद्धा. त्या "व्हय" म्हणत ऐकत राहिल्या. आजही मी पुलापर्यंत जाते आणि मोठ्यानं बोलत जाते. कोण हसतंय ते हसू दे. अजून निम्मं सांगायचं राहिलंय.