चंद्रावर, पण रस्त्याने

हिलारियोन मोंतान्योने उमेदीची सगळी वर्षं विमानातून मांस वाहण्यात घालवली. बेनीच्या सपाटीवर पहाटे गुरं कापायची, जुन्या पंख्यांच्या विमानात मांस भरायचं आणि डोंगर ओलांडून ला पास शहरात उतरवायचं. मागे फळीवर दोन-चार प्रवासीही बसत, पाय वर घेऊन, कारण खाली रक्त वाहायचं. आमच्याकडे याचं कुणाला नवल नव्हतं.

एका पावसाळ्यात दोन्ही इंजिनं हवेतच बंद पडली. विमान ढगातून घसरत आलं ते थेट पाणी साचलेल्या कुरणात. हिलारियोन, त्याचा मेकॅनिक आब्दोन आणि कोंबड्या घेऊन निघालेली एक बाई, तिघंही मांसाच्या ढिगातून वाट काढत धडधाकट बाहेर आले. मालकाने पाठ थोपटली, नवं विमान देऊ केलं. हिलारियोन म्हणाला, "डाव्या कानाचा पडदा गेलाय. आता उंची सोसायची नाही." आणि बायको फिदेलियाला घेऊन तो कोचाबांबाला, आमच्या गल्लीत राहायला आला. ती रश्शाच्या साल्तेन्या, म्हणजे मांस भरलेल्या करंज्या, भाजायची, हा टोपलीत घालून सकाळी विकायचा.

गल्लीने त्या कानाचा मान ठेवला. मी त्याचा न्हावी. डावीकडून केस कापताना मी ओरडून बोलायचो, उजवीकडे आलो की हळू. फार वर्षं चाललं हे.

मग त्याची भाची शिमेना सिनेमा काढायला लागली. मामाच्या गोष्टींवरून तिने 'उडता खाटीकखाना' केला. विमानाचा एक सांगाडा कुणाच्या तरी आवारात पडलेला होता, त्यात कोंबड्या राहत. कोंबड्या हाकलून तिथेच सगळं चित्रण झालं. वैमानिकाचं काम हिलारियोनने केलं. लांबच्या बसगाड्यांमध्ये लोकांनी तो सिनेमा इतका पाहिला, की बाजारात पोरंटोरं त्याला "कॅप्टन, आज कलेजी आहे का?" म्हणून हाका मारायची. त्याला ते आवडायचं.

साहजिकच दुसरा भाग निघाला. यात खाटीकखाना चंद्रावर जाणार होता, कारण पृथ्वीवरची कुरणं संपलेली. चंद्रावर गाय भेटते. त्या गाईचे मागचे पाय मी होतो, पुढचे माझा मेहुणा.

गोम एकच होती. या वेळी शिमेनाने चालतं विमान मिळवलं होतं. ओल्मोस नावाच्या वैमानिकाचं ते. गावाबाहेरच्या मातीच्या धावपट्टीवर ते नुसतं जोरात पळवायचं, उडणं नंतर संगणकावर करू, असं ठरलं. ओल्मोस शेजारच्या खुर्चीत घोंगडीखाली लपून राहणार होता.

"मामा, तू फक्त दांडा पुढे ढकल. बाकी ओल्मोस बघतील."

"ढकलतो की," हिलारियोन म्हणाला. चांदीच्या कागदाचा पोशाख, डोक्यावर प्रेशर कुकरचं भांडं. घामाने कागद अंगाला चिकटला होता. उन्हामुळे असेल, असं आम्हाला वाटलं.

मी गाईच्या शेपटीजवळच्या भोकातून बघत होतो. मागच्या फळीवर प्रवासी म्हणून फिदेलिया बसली होती. इंजिनं सुरू झाली, पत्रा थरथरायला लागला. हिलारियोनने दांड्यावर हात ठेवला. तो हात पुढे जाईना, मागेही येईना.

"बंद करा. मला उतरवा."

सगळे खो खो हसले. शिमेना कॅमेऱ्यामागून ओरडली, "झकास! मामा, असंच चालू दे!"

"अगं, खरंच सांगतोय! कान धड आहे माझा. दोन्ही धड आहेत. कानाला कधी काही झालंच नव्हतं. मी घाबरलो होतो. अजून घाबरतो."

ओल्मोसने घोंगडीतून हात काढून इंजिनं बंद केली. पंखे थांबले. मग फिदेलिया म्हणाली, "मला माहीत आहे."

"कधीपासून?"

"पहिल्या महिन्यापासून. मी तिकडे भांड्यावरचं झाकण उचललं, की तू इकडे झोपेतून उठतोस, तेही उजव्या कुशीवर, चांगला कान उशीत असताना. असा बहिरा असतो का रे?"

"मग बोलली का नाहीस?"

"तू बोलशील म्हणून थांबले. म्हटलं, घाबरलेला का होईना, घरी आलाय ना!"

हिलारियोनने डोक्यावरचं भांडं काढलं आणि तो हसायला लागला. हसता हसता डोळे पुसत होता, पुसता पुसता पुन्हा हसत होता. खांद्यावरून पोतं उतरवलेल्या हमालासारखा तो सैल झाला. मला मात्र गाईतून बाहेर पडता येईना, कारण मेहुणा रडत होता.

आता सिनेमाचं काय, हा प्रश्न होताच. शिमेना धावपट्टीवर येरझाऱ्या घालून परतली. "मामा, जमिनीवरून हळूहळू चालवशील?"

"बैलगाडीसारखं?"

"त्याहून हळू. कॅप्टनला उंचीची भीती वाटते, म्हणून यान चंद्रापर्यंत रस्त्यानेच जातं. वाटेत टायर पंक्चर होतो, जकात नाका लागतो."

हिलारियोनने जरा विचार केला. "चाकं जमिनीला असतील तर जाईन."

आणि गेला. ओल्मोस शेजारी बसला होता, पण दांडा हिलारियोनच्याच हातात. विमान धावपट्टीभर डुलत डुलत गेलं. गाय मागून पळत होती आणि फिदेलिया खिडकीतून साल्तेन्या विकत होती. भीती वाटतेय म्हणून सांगायचा तो प्रसंगही शिमेनाने जसाच्या तसा सिनेमात ठेवला, मामाला विचारून.

पहिल्या खेळाला त्याचा जुना मेकॅनिक आब्दोन येणार म्हणून कळलं, तेव्हा हिलारियोनची पुन्हा गाळण उडाली. "तो मला भेकड म्हणेल. त्याच्यासमोर आयुष्यभर कॅप्टन म्हणून मिरवलो मी."

आब्दोन आला तो कंबर धरून, वाकत वाकत. सिनेमा संपला. दिवे लागल्यावर त्याने हिलारियोनची मान पकडली.

"गाढवा, आधी सांगायचं नाही का? मीपण त्या दिवसानंतर विमानात चढलो नाही. बायकोला सांगितलं, गुडघा गेला. आत्ताही बसने आलोय, रस्ता वाहून गेला होता, कमरेचा भुगा झालाय!"

"गुडघा?" फिदेलियाने विचारलं. "तिला पटलं?"

"आजपर्यंत तेल लावून देते."

दोघं म्हातारे थिएटरच्या पायऱ्यांवर एकमेकांना धरून इतके हसले, की लोकांना वाटलं अजून सिनेमा संपलेला नाही.

त्यानंतर आमच्या गल्लीत कुणी ओरडून बोलत नाही. गेल्या रविवारी आम्ही टेकडीवरच्या ख्रिस्ताच्या पुतळ्याकडे गेलो. वर जायला तारेवरून जाणारे पाळणे आहेत. फिदेलियाने हौसेने तिकीट काढलं आणि नवऱ्याकडे पाहिलं.

"मला भीती वाटते. मी खालीच बसतो," हिलारियोन सरळ म्हणाला.

"बस. तुझ्या वाटणीचंही बघून येते," ती म्हणाली आणि पाळण्यात चढली. तो बाकावर पाय पसरून बसला आणि पाळणा दिसेनासा होईपर्यंत तिच्याकडे बघून टोपी हलवत राहिला.